फोटोग्राफीची हौस घरखर्चात बसवायची कशी

२०१८ च्या दिवाळीत मी कॅमेरा घेतला, कॅनन २००डी, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती), सगळे मिळून ४२ हजार. घरात ठरलं होतं की हा एकदाच करायचा खर्च आहे, बोनसमधून करू आणि विषय संपला. तीन वर्षांनी एका रविवारी मी सगळी बिलं आणि ऑनलाइन ऑर्डरी शोधून एका वहीत लिहून काढल्या. बॅग २,२००, मेमरी कार्डं १,८००, पहिला ट्रायपॉड १,९०० (सहा महिन्यांत पायाचा लॉक सैल झाला), मग दुसरा ट्रायपॉड ७,५००, यूव्ही फिल्टर १,४००, ५० ची लेन्स ८,५००, हार्ड डिस्क ४,५००, फ्लॅश ५,२०० आणि लॅपटॉप रॉ फोटो (कॅमेऱ्याची मोठी कच्ची फाइल) उघडताना अडकायला लागला म्हणून रॅम आणि एसएसडी ७,०००. बेरीज बरोबर ४० हजार. म्हणजे जवळजवळ दुसरा कॅमेरा आला असता, आणि यात फिरण्याचा खर्च धरलेलाच नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, फोटोग्राफीत नेमकं तेच होतं, फक्त इथे मसाला एकदम येत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी एकेक पुडी येते आणि प्रत्येक पुडी छोटीच वाटते. मला कोणाची हौस मोडायची नाहीये. मला ही हौस फार प्रिय आहे आणि ती पैशापायी अर्ध्यात सुटलेली मी बघितलीये, चांगला हात असलेली माणसं कॅमेरा कपाटात ठेवून बसलीयेत, म्हणून हे लिहितेय. तुम्ही आज घेणार असाल किंवा घेऊन अडकला असाल, दोन्ही बाबतीत उपयोग होईल.

आधी हे महाग का होत चाललंय ते थोडक्यात, कारण ते कळलं की कुठे स्वस्त मिळेल तेही कळतं. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले होते, आता वर्षाला एक कोटीही जात नाहीत. साधे छोटे कॅमेरे फोनने खाल्ले. मग कंपन्यांनी काय केलं, थोडे कॅमेरे विकायचे पण महागाचे विकायचे. २०१८ मध्ये निकॉनने झेड माउंट (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स बसते ती जागा) आणला, कॅननने आरएफ माउंट आणला, नवीन लेन्सा सगळ्या मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, निघायला लागल्या. कॅननचा वनडीएक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी७८० हे दोन्ही जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांच्या, बाजूला जवळपास शांतताच आहे. वर आपल्याकडे ही सगळी वस्तू बाहेरून येते, त्यामुळे रुपया घसरला की किंमत वाढते. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ चा १८ टक्के झाला तेवढाच काय तो दिलासा.

पण याचीच दुसरी बाजू अशी की लोक मिररलेसवर जाताना आपले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्सा भराभर विकतायत. निकॉन डी७२०० (२०१५ चा), कॅनन ८०डी (२०१६ चा), असे कॅमेरे जे एके काळी आपल्या आवाक्यात नव्हते ते आज नव्या साध्या मिररलेसच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. कॅमेरा जुना झाला म्हणून त्याचे फोटो वाईट होत नाहीत, पाच वर्षांपूर्वी त्याने जसे काढले तसेच आजही काढतो.

आता कामाचं. पहिलं काम पैसे लागायच्या आधीचं आहे आणि बहुतेक लोक तेच करत नाहीत. तुमच्याकडे कॅमेरा असेल तर गेल्या वर्षभरातले तुम्ही ठेवलेले फोटो, म्हणजे जे तुम्ही कोणाला तरी दाखवले किंवा पुन्हा बघितले असे, एका फोल्डरमध्ये टाका. प्रत्येक फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहून ठेवलेलं असतं की तो किती मिलिमीटरवर काढला (आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ दिसतं), ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं होतं, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता किती. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज मध्ये डिटेल्स उघडलं की दिसतं, आणि डिजिकॅम नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात सगळे फोटो या हिशोबाने चाळता येतात. मी हे केलं तेव्हा माझ्या डोक्यात १५०-६०० ची मोठी लेन्स घोळत होती, वर्षभर यूट्यूबवर तेच बघत होते. आणि फोल्डरमध्ये निघालं काय, २१२ फोटोंपैकी १४० फोटो १८ ते ३५ च्या मधले! पक्षी मला आवडतात पण मी काढते ती माणसं, बाजार, डोंगर, घरातलं. वहीत ते आकडे लिहिल्यावर त्या लेन्सची ओढ आपोआप निम्मी झाली, कोणी समजवायला लागलं नाही.

उरलेली निम्मी ओढ भाड्याने गेली. मी ती लेन्स पुण्यातून दोन दिवस भाड्याने आणली, २,४०० रुपये अधिक डिपॉझिट, आणि पक्षी काढायला भिगवणला गेले. तेव्हा मसाला कळला. ही लेन्स जवळपास दोन किलोची असते (सिग्माची कंटेम्पररी १.९३ किलो आहे), माझा ७,५०० चा ट्रायपॉड तिच्याखाली थरथरायला लागला, माझ्या बॅगेत ती मावेना आणि पुढच्या फिल्टरचं माप ९५ मिलिमीटर, त्या मापाचा चांगला फिल्टर हजारोंत जातो. म्हणजे लेन्स घेतली असती तर मागोमाग मोठा ट्रायपॉड, त्याला गिंबल हेड (जड लेन्स तोलून धरणारं), नवी बॅग, सगळं आलंच असतं. म्हणून माझा नियम आता हा आहे की कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिच्या मागून काय काय येणार ते वहीत लिहायचं, त्यांच्या किमती लिहायच्या, आणि बेरीज बघून ठरवायचं. लेन्स असेल तर फिल्टरचं माप आणि वजन, बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) असेल तर तिच्या फाइलचा आकार (मोठी फाइल म्हणजे मोठी कार्डं, मोठी डिस्क, वेगवान कॉम्प्युटर), जास्तीची बॅटरी आणि तुमच्या आत्ताच्या लेन्सा तिला बसतात का हे.

मेगापिक्सेलचंही तसंच. इन्स्टाग्रामला उभा फोटो १०८० बाय १३५० चा टाकतो, तो दीड मेगापिक्सेलही भरत नाही. १२ बाय १८ इंचाची भिंतीवर लावायची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढली तरी २० च्या आतच काम होतं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा हातात असेल तर मेगापिक्सेलसाठी नवा घेऊ नका. मनापासून सांगते.

सेकंडहँड घेताना

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. मुंबईत फोर्टला सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत, तिथे जुना मालही बघायला मिळतो आणि पाच दुकानं फिरून भाव कळतो. बाकी ऑनलाइन, ओळखीत, फोटोग्राफीच्या ग्रुपवर. कुठेही घ्या, वस्तू हातात घेतल्याशिवाय आणि स्वतःचं कार्ड घालून फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका, आगाऊ तर अजिबातच नाही.

लेन्स बघायला फोनचा टॉर्च पुरतो. दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारा आणि पुढच्या बाजूने डोळा लावून आत बघा, लेन्स हळूहळू फिरवत. सरळ प्रकाशात काहीच दिसत नाही, तिरप्यातच दिसतं. धुळीचे चार-दोन कण असतात, त्याने काही बिघडत नाही. तुम्हाला शोधायचंय ते फंगस, ते कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा थंडीत काचेवर धुकं बसून त्याला फाटे फुटावेत तसं दिसतं, बहुतेक कडेकडून आत सरकतं. मी एक ८५ ची लेन्स संध्याकाळी घाईत घेतली होती, देणारा म्हणाला एकदम नवीसारखी आहे, काचेचा वरचा भाग खरंच चकचकीत होता. घरी येऊन टॉर्च मारला तर तिसऱ्या काचेच्या कडेला नखाएवढं जाळं. दुरुस्तीवाल्याने साफ करायचे ३,५०० सांगितले आणि कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहील हेही सांगितलं. राहिलाच. उजेडासमोर फोटो काढला की आजही त्या लेन्सने फोटो पांढुरका येतो, म्हणून दिवसाउजेडी आणि सावकाश बघा, समोरचा घाई करत असेल तर उठून या.

मग ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग आहे का बघा, फोकसची रिंग फिरवताना वाळू घासल्यासारखं लागतं का, ऑटोफोकस जवळून लांब आणि लांबून जवळ न अडखळता जातो का, मागच्या धातूच्या रिंगचे स्क्रू उकरलेले आहेत का. उकरलेले स्क्रू म्हणजे कोणीतरी आत हात घातलाय.

बॉडीचं शटर काउंट विचारा. ते म्हणजे गाडीचं किलोमीटर. साध्या बॉडींचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या आसपास धरतात, निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या माहितीतच लिहिलेला असतो, कॅननला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ३० हजारांच्या आसपास असेल तर चांगलं, ९० हजार असेल तर भाव पाडून मागा. नंतर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा एफ १६ ला एक फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवर धूळ किंवा ओरखडा असेल तर काळे ठिपके दिसतात, ठिपके साफ होतात, ओरखडा जात नाही. लेन्सवर टोपी लावून एक लांब एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून) घ्या, अंधारात लाल-हिरवे ठिपके खूप दिसले तर सोडा. कार्डाच्या खाचेत डोकावून पिना वाकड्या नाहीत ना बघा. आणि बिल मागा, बिलावरचा सिरियल नंबर आणि कॅमेऱ्यावरचा एकच पाहिजे. बिल नसेल तर तो चोरीचा किंवा ग्रे मार्केटचा (कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला) असू शकतो, आणि ग्रेवाल्याला इथे वॉरंटी नसते.

निकॉनवाल्यांसाठी एक गोष्ट जी दुकानदार सांगतीलच असं नाही. जुन्या एएफ-डी लेन्सा स्वस्त आणि फार सुंदर आहेत पण त्यांच्यात मोटर नसते, फोकस कॅमेऱ्याच्या आतली मोटर फिरवते, आणि डी३००० आणि डी५००० या सिरीजच्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. म्हणजे डी५६०० ला ती लेन्स बसेल, फोटोही येईल, पण फोकस हाताने करायला लागेल. डी७००० सिरीजमध्ये मोटर आहे. झेड कॅमेऱ्याला एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्सा झेडला बसवायची जोडणी) लावलात तरी या लेन्सांचा ऑटोफोकस चालत नाही. घेण्याआधी आपला कॅमेरा कुठला ते बघा.

छोट्या वस्तूंचं

फिल्टर. यूव्ही फिल्टर मी आता लावतच नाही, लेन्सला हूड (पुढे बसणारं कडं) लावते, आपटली तर हूड मार खातो आणि कडेचा उजेडही अडतो. स्वस्त फिल्टर म्हणजे महागाच्या लेन्सपुढे साधी काच. घ्यायचाच असेल तर पोलरायझर घ्या, कारण पाण्यावरची आणि पानांवरची चकाकी काढायचं काम सॉफ्टवेअरला तेवढं नीट जमत नाही. आणि प्रत्येक लेन्सला वेगळा घेऊ नका. माझ्या किट लेन्सचं माप ५८, ५० च्या लेन्सचं ४९. मी ६७ चा एकच चांगला घेतला आणि ५८ ते ६७, ४९ ते ६७ अशा दोन स्टेप-अप रिंगा (लहान मापाच्या लेन्सला मोठा फिल्टर बसवणाऱ्या) घेतल्या, रिंग दोन-तीनशेला मिळते.

ट्रायपॉड मात्र एकदाच नीट घ्या. १,९०० चा घेऊन मी ते पैसे पाण्यात घातले, तुम्ही घालू नका, तोवर भिंत, कठडा, दुचाकीची सीट, काहीही वापरा. गाडीतून किंवा जमिनीवर ठेवून काढायला बीनबॅग तर घरीच होते. जुन्या जीन्सचा एक पाय मांडीपासून गुडघ्यापर्यंत कापायचा, एक तोंड शिवायचं, दुसऱ्याला चेन लावायची. रिकामीच घेऊन जायची आणि जिथे जाल तिथल्या किराणा दुकानात दीड-दोन किलो तांदूळ किंवा वाटाणे घेऊन भरायची, परत येताना तेच घरी आणायचे. सफारीच्या जिप्सीच्या दांड्यावर ती टाकून वर लेन्स टेकवली की ट्रायपॉडपेक्षा घट्ट बसते, आणि जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा तरी कुठे असते.

आता मॅक्रो, म्हणजे छोट्या वस्तूंचे अगदी जवळून काढलेले मोठे फोटो, कारण आम्हा सातारकरांना ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर कासच्या पठाराचं वेड असतं आणि दरवर्षी कोणीतरी त्यासाठी मॅक्रो लेन्स घ्यायला निघतं. थांबा. घरात, काकांकडे, मामाकडे रोलच्या जमान्यातला एखादा जुना कॅमेरा असतोच, त्याच्यावरची ५० ची लेन्स मागून आणा, जिच्यावर ॲपर्चरची रिंग असते अशी. एक रिव्हर्स रिंग घ्या, काही शे रुपयांची असते, एका बाजूला तुमच्या कॅमेऱ्याचं माउंट आणि दुसऱ्या बाजूला त्या लेन्सच्या पुढच्या आट्यांचं माप. लेन्स उलटी लावायची. झालं मॅक्रो. नव्या लेन्सा उलट्या लावल्या की ॲपर्चर आपल्या हातात राहत नाही, म्हणून रिंगवाली जुनी लेन्स हवी, तिला एफ ८ वर ठेवायचं.

मी पहिल्यांदा ती सीतेची आसवं या फुलावर वापरली. ओल्या कातळावर येणारं जांभळं फूल, करंगळीच्या नखाएवढं, चालताना लोकांना दिसतही नाही. वाटेच्या कडेला गुडघे टेकून बसले, फूल लेन्सपासून चार-पाच सेंटीमीटरवर, कॅमेऱ्याची फोकस रिंग काही कामाची नाही, आपणच श्वास धरून केसभर पुढे-मागे व्हायचं आणि मधोमध स्पष्ट झालं की दाबायचं. डाव्या हातात पांढऱ्या कार्डशीटचा वहीच्या पानाएवढा तुकडा, आभाळाचा उजेड फुलाच्या खालच्या बाजूला टाकायला. चाळीसेक फोटोंतले तीन धड आले. त्यातल्या एकात पाकळीच्या टोकाला दवाचा थेंब होता आणि थेंबात मागचं आख्खं पठार उलटं दिसत होतं, ते मला घरी कॉम्प्युटरवर कळलं. सगळ्या सामानाचा खर्च चारशेच्या आत. एवढंच बघा की एका फोटोसाठी बाजूची पंधरा फुलं तुडवली जाऊ नयेत, तिथे फुलांत लोळून फोटो काढणारे बघितले की फार वाईट वाटतं.

पावसाळा

फोटोग्राफीचा सगळ्यात चोरटा खर्च फंगस आहे. सातारा, महाबळेश्वर, कोकण, मुंबई, गोवा, जिथे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते तिथे कॅमेरा त्याच्या बॅगेत बंद करून कपाटात ठेवणं म्हणजे लेन्स मुद्दाम खराब करणं. बॅगेचं कापड आणि स्पंज ओल धरून ठेवतात. फंगसला काळोख, ओल आणि बंद हवा आवडते, तिन्ही आपणच देतो.

ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) उत्तम, पण ते पाच-सहा लेन्सा झाल्या की घ्या. एक बॉडी आणि दोन-तीन लेन्सांना स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद मोठा डबा पुरतो. तळाला सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, वर जाळी किंवा जाड कापड, त्यावर सामान, आणि आत एक छोटा हायग्रोमीटर, दोन-चारशेला येतो. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिली पाहिजे, ६० च्या वर गेली की धोका, आणि ३० च्या खालीही नको कारण रबर आणि आतलं वंगण सुकतं. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या. निळं असेल तर ओल शोषून गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं होतं. रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, वर्षानुवर्षं चालतं. परतायला वेगळा जुना तवा ठेवा, जेवणाचा नको, निळ्यात कोबाल्ट असतं ते पोटात जायला नको, शक्यतो नारिंगीच घ्या. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ओल फार शोषली जात नाही आणि पीठ मात्र आत जातं.

डबा, जेल, मीटर मिळून माझे ९०० गेले आणि ते त्या ८५ च्या लेन्सच्या आधी गेले असते तर बरं झालं असतं असं नाही म्हणणार, कारण ती आधीच आजारी होती, पण माझ्या बाकीच्या तीन लेन्सा पाच पावसाळे काढून स्वच्छ आहेत. शिवाय पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून वापरा, वापरात असलेल्या लेन्सला फंगस क्वचित लागतं.

एडिटिंगला दरमहा पैसे द्यायची गरज नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि चांगली आहेत, पहिले दोन आठवडे डार्कटेबल अवघड वाटेल, टिकून राहा. कॅननवाल्यांना डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ कंपनीच देते, त्याचे पैसे कॅमेऱ्यात गेलेलेच असतात. कार्ड एकच मोठं घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या, एक दगा देईल तर अर्धी सहल तरी वाचते, आणि कार्ड आल्या आल्या पूर्ण भरून तपासा, नकली कार्डं फार आहेत. सगळ्यात मोठी बचत मात्र डिलीट करण्यात आहे. आल्या दिवशी बसून चाळा, पाचशेतले चाळीस ठेवा. माझी ४,५०० ची हार्ड डिस्क भरली होती ती एकसारख्या दहा-दहा फोटोंनी भरली होती, साफ केल्यावर अर्धी रिकामी झाली आणि दुसरी डिस्क घेतली ती बॅकअपसाठी घेतली, ती घ्यायलाच हवी.

ईएमआयबद्दल एक. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देऊन ते भरून काढतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. त्यापेक्षा दुकानदाराला सरळ विचारा, रोख दिले तर किती कमी करता? बऱ्याचदा करतात. आणि ‘कॅमेरा घेऊ, लग्नाची दोन कामं केली की वसूल’ या हिशोबावर कर्ज काढू नका. लग्नाचं काम म्हणजे दोन बॉडी, दोन फ्लॅश, बॅकअप, मदतनीस, अल्बमवाल्याचे पैसे अडकणं, तो वेगळा धंदा आहे, तो करायचा तर धंदा म्हणून करा. हौसेच्या खर्चाला त्याचा आधार दिला की हौसही जाते आणि पैसेही उभे राहत नाहीत, आमच्या ग्रुपमधल्या दोघांचं हेच झालं.

मग पैसे घालायचे कुठे? माझं उत्तर, फिरण्यात. मी वहीत दर वर्षाच्या शेवटी एक भागाकार करते, सामान आणि फिरणं मिळून झालेला खर्च भागिले ठेवलेले फोटो. २०२१ मध्ये ३१ हजार खर्च आणि ६४ फोटो, म्हणजे एका फोटोमागे ४८४ रुपये. २०२३ मध्ये सामानावर ६ हजार, फिरण्यावर १४ हजार, आणि फोटो ११०, म्हणजे १८२ रुपये. सामान जवळपास तेच होतं, मी जास्त वेळा बाहेर पडले.

फिरणंही स्वस्तात होतं. भिगवणला हिवाळ्यात जायचं तर चार-पाच जण जमवा, कुंभारगाव किंवा डिकसळला नाव सगळ्यांत वाटून घेता येते, नावाड्यांना पक्षी कुठे बसतात ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि नाव पाण्याच्या पातळीवर असल्याने ५५-२५० सारख्या स्वस्त लेन्सनेही सुरय आणि कुरव उडताना छान मिळतात. ताडोब्याला कोअरपेक्षा (आतलं मुख्य जंगल) बफर (भोवतालचा पट्टा) स्वस्त आहे आणि जिप्सी सहा जणांत वाटली की भार हलका होतो. आणि दर महिन्याला लांब जायला पाहिजे असं कुठे आहे, मी गेले आठ महिने आमच्या मंडईतली एक भाजीवाली मावशी आणि तिची जागा सकाळी सातच्या उजेडात काढतेय, ५० च्या एकाच लेन्सने. भारताच्या पहिल्या महिला फोटो-पत्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात बरीच वर्षं रोलायफ्लेक्स होता, त्याला लेन्स बदलायची सोयच नव्हती, आणि त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासचा देशाचा काळ त्यात उतरवला. मावशींना मी पहिल्या महिन्यातच एक प्रिंट नेऊन दिली, ६ बाय ८ ची, ती त्यांनी तराजूच्या मागे खिळ्याला लावलीये, आता त्या मला कधी उजेड चांगला येतो ते सांगतात.

शेवटचं म्हणजे विका. सहा महिने डब्यातून बाहेर न निघालेली लेन्स पुढेही निघत नाही, मी ती वहीत लाल पेनाने लिहिते आणि दिवाळीच्या आधी विकायला काढते, तेव्हा घेणारे असतात. त्यासाठी घेतल्या दिवसापासून खोका, बिल, वॉरंटी कार्ड, टोप्या सगळं माळ्यावर एका पिशवीत ठेवा, खोक्यासकट बिल असलेल्या लेन्सला जो भाव येतो तो नुसत्या लेन्सला येत नाही. आणि विकताना काही दोष असेल तर आधीच टॉर्च मारून दाखवा. माझी ८५ ची मी तशीच दाखवून, निम्म्या किमतीत एका कॉलेजच्या मुलाला दिली, तो तिने घरात खिडकीच्या उजेडात त्याच्या आजीचे फोटो काढतो आणि मला पाठवतो, त्या उजेडात डाग दिसत नाही.